अनुजाचं ताट

सांगते, पण मध्ये बोलायचं नाही. आणि दिवा तसाच असू दे.

मला घरी बसवत नाही हे तुला ठाऊक आहे. परळच्या शाळेत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हातातला खडू सुटला, पण लोकांना प्रश्न विचारायची खोड काही सुटली नाही. म्हणून एका संस्थेनं सर्वेक्षणाचं काम देऊ केलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विषय ऐकून तू हसशील. माणसाची हुबेहूब प्रत बनवता आली, क्लोन म्हणतात ते, तर लोकांना चालेल का? मी म्हटलं, भोईवाड्यात मी विचारते. तिथली निम्मी पोरं माझ्या छड्या खाऊन मोठी झालीत.

दिवस निवडला सर्वपित्रीचा, म्हणजे सगळे घरी सापडतील. आणि सापडलेही. भर दुपारची वेळ, चाळीत दारादारातून तळणीचा वास, आणि मागच्या पत्र्यावर कावळ्यांचा नुसता कालवा. प्रत्येकानं आपापल्या खिडकीतून केळीच्या पानावर पितरांची वाडी बाहेर ठेवलेली, तिच्यात वडा, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं. तिला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. आणि भुकेली माणसं खरं बोलतात असा माझा अनुभव आहे.

लवूकाका गिरणीतले जुने. ते म्हणाले, "माझो डुप्लिकेट? अगो बाय, एकाक पाय पसरूक जागा नाय, दोघे झोपतले खंय?"

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या शेजारच्या तुळसाबाई आतूनच ओरडल्या, "माज्या घोवाक परत हाडतलंय? एकदा भोगलंय तां पुरे झाला!"

हसून हसून पोट दुखलं. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. स्वतःची प्रत कुणालाच नको होती. ते देवाच्या कामात ढवळाढवळ करणं, पाप, थेरं वगैरे. मात्र मी जेव्हा म्हणायची, "आणि गेलेलं मूल परत आणता आलं तर?" तेव्हा नको म्हणणारी माणसंसुद्धा लगेच नको म्हणत नव्हती. तुळसाबाईंनी तर नुसतं मालनच्या दाराकडे बघितलं आणि झारा घेऊन त्या आत गेल्या.

मालन शेवटच्या खोलीत राहते. तिची मुलगी मेघना माझी विद्यार्थिनी. गुणी, पण भारी हट्टी. कॉलेजात गेली आणि तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली. त्यानंतर दीडेक वर्षानं मालनला उशिरा दुसरी मुलगी झाली, अनुजा, एवढंच मी ऐकून होते. भेटायला जायचं माझ्यानं झालं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. आत खिडक्या गच्च बंद. एवढ्या उकाड्यात! जमिनीवर पाटावर पाच वर्षांची एक पोर वरणभाताच्या ताटापुढे बसली होती. तिनं मान वर केली आणि मी दाराची चौकट धरली.

बहिणी एकमेकींसारख्या दिसतात, मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी बहिणी बहिणी शिकवल्या. पण ही मेघनासारखी दिसत नव्हती, ही मेघना होती. शाळेच्या पहिल्या दिवशी माझा पदर धरून उभी राहिलेली, अगदी तीच. फक्त किती वाळलेली! मनगट कसलं, वेलदोड्याचं देठ.

"बाई, बसा," मालन म्हणाली. मी का आले ते सांगितलं, सवयीनं प्रश्नही विचारून टाकला. तिनं दार आतून लावून घेतलं.

"तुम्ही विचारताय चालेल का... आमच्याकडे चालतंय, बाई. जेवत नाही फक्त."

मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचा भाऊ विकास परदेशात कुठल्याशा दवाखान्यात काम करतो. मेघनाला न्यायच्या आधीच तिच्या कातडीचा कण त्यानं घेऊन ठेवला होता. पुढचं सगळं तिकडेच झालं, मालनलाही तिकडे नेलं होतं. मूल मालनच्याच पोटात वाढलं, तिनंच जन्माला घातलं. चाळीत कुणाला सांगितलं नाही. मला भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटलं, हे कबूल करते. डावखुरी आहे का? पालीला घाबरते का? कारलं आवडीनं खाते का? मी विचारत गेले आणि मालन मान हलवत गेली.

"मग जेवत का नाही?"

मालननं उठून खिडकीचं एक दार वीतभर उघडलं. बाहेर प्रत्येक पानावर कावळे तुटून पडले होते. त्यातला एक तेवढा बाजूला पाइपावर बसला होता. तो उडाला, सरळ आत आला, पोरीच्या ताटातल्या भाताला चोच लावली आणि परत जाऊन बसला. पोरीनं त्याला हाकललं नाही. नुसतं ताट पुढे सरकवलं.

"रोज असंच, बाई. तिच्याच ताटाला शिवतो. शिवलेलं अन्न लेकराला कसं घालू? खिडकी लावली तर काचेवर टकटक करत बसतो, मग ही घास तोंडात घेत नाही. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. वजन घटतंय."

मी म्हटलं, "मालन, मेघनाच्या दहाव्याला काय झालं होतं?"

ती एकदम रडायलाच लागली. "पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी शब्द दिले. तिचे बाबा म्हणाले, तुझी पुस्तकं देणार नाही. मामा म्हणाला, आईला सांभाळीन. एक कावळा हलेना. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. आणि मी म्हणून गेले, मेघना, तुला परत आणीन. म्हणायचा अवकाश, बाई... शिवला."

मी पडले मास्तरीण, चूक दिसली की ती सुधारायची. मी पोरीला जवळ घेतलं, तिची डावी भुवई निरखून पाहिली. मेघना शाळेच्या जिन्यावरून पडली होती तेव्हा मीच तिला टाके घालायला नेलं होतं. भुवईत खोक राहिली होती कायमची. हिची भुवई अखंड.

"हे बघ," मी म्हटलं, "खोक नाही. ही जिन्यावरून पडलेली नाही, तापानं गेलेली नाही. ही वेगळी आहे, मालन. शब्द मेघनाला दिला होतास ना? मग तिलाच सांग आणि मोकळं कर. नाहीतर ही उपाशी मरेल."

मालननं डोळे पुसले. घाईघाईनं कढई चढवली, एकच वडा तळला, खीर, सांबारं घेऊन पान वाढलं. मेघनाच्या नावानं या घरातून वाडी निघत होती ती पहिल्यांदाच. पोरीपुढे ताजा वरणभात ठेवला आणि आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. पान पत्र्यावर ठेवून मालन म्हणाली, "मेघना, मी चुकले. तुला नाही आणू शकले. ही अनुजा आहे, दुसरी आहे. हे तुझं पान, बाय. तू जेव, आणि तिला जेवू दे."

पाइपावरचा कावळा मान वाकडी करून ऐकत होता. मग उडाला. तो आत नाही आला, पानावर उतरला. वडा फोडला आणि खाऊ लागला.

मालननं माझा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी रुतली. मला हसूही येत होतं आणि रडूही. पाच वर्षांत सुटलं नव्हतं ते एका वड्यानं सुटलं! मी वळून म्हटलं, "चल गं अनुजा, आता जेव पोटभर."

वरणभात तसाच होता. बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. पोर पाटावर मागे रेलून बसली होती, आणि तिनं एक छान ढेकर दिला.

"जेवले," ती म्हणाली. "पण आई... वडा आत कच्चाच होता."

मी खिडकीतून वाकले. पानावर वड्याचा अर्धा तुकडा पडला होता. आत पांढरं, ओलं पीठ.

मालननं पुन्हा कढई चढवली. दुसरा वडा मंद आचेवर, नीट, तांबूस होईस्तो तळला. वाटलं, आता ताटात वाढेल. तिनं पोरीच्या वाळलेल्या हातांकडे पाहिलं, आणि तो वडा पत्र्यावर पानात नेऊन ठेवला.

कावळा उतरला. मी या वेळी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते.