मागे चालणारे तिघे

मला वाटलं होतं, दादाची खोली बंद असेल. दाराला कडी, पलंगावर ताणलेली चादर, टेबलावर धूळ. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली असेल, मला बघून तिचा बांध फुटेल, आणि मग मी तिला सावरेन. परतीच्या साऱ्या प्रवासात मी हेच मनाशी घोळवत होते. शिकायला मी घरापासून फार लांब गेले होते. येताना बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती आणि डोक्यात पक्का बेत होता: दादाच्या खोलीत गल्लीतल्या मुलांसाठी वाचनवर्ग काढायचा. त्याच्याच कॉम्प्युटरवर मुलं शिकतील. दुःखाला काम दिलं की ते माणसाला खात नाही, असं मी तेव्हा अगदी मनापासून मानत होते.

प्रत्यक्षात खोलीचं दार सताड उघडं होतं. पंखा फिरत होता. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून दादाने खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद तसेच होते. त्या भरदुपारच्या अंधारात, दादाच्या खुर्चीत, आई पाठमोरी बसली होती. तिच्या डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर होतं.

"आलीस? हातपाय धुऊन घे," ती मान न वळवता म्हणाली. "यांना जरा फिरवून आणते, मग जेवायला बसू."

स्क्रीनवर चार चौकटी होत्या आणि चारही चौकटींत माणसं चालत होती.

तुम्हाला हे खेळ माहीत नसतील, तर थोडक्यात सांगते. या ऑनलाइन गेममध्ये एका अकाउंटचं एक माणूस असतं. बहुतेक लोक एकच अकाउंट चालवतात. दादा एकाच कॉम्प्युटरवर, त्याच्या मॅकवर, एकाच वेळी चार चालवायचा. मॅकवर हे सहज होत नाही. उघडलेल्या गेमच्या चिन्हावर पुन्हा क्लिक केलं तर दुसरा गेम उघडत नाही, पहिलाच पुढे येतो. म्हणून दादाने गेमच्या प्रती काढल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. पहिली 'मी'. मग 'बाबा', 'आई', 'बारकी'. बारकी म्हणजे मी. घरात मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

बाबा गेले, पाठोपाठ मी शिकायला गेले, आणि छापखान्यातून घरी येणाऱ्या दादाने आपलं घर असं पुन्हा भरून काढलं. पुढे तो, आणि बाकी तिघांना एक हुकूम दिलेला: 'मागे चल'. पुढचा चालला की मागचे चालतात, तो थांबला की थांबतात. फोनवर तो मला चिडवायचा. "तू तिकडे हो मोठी विदुषी. इकडे मी तुला रोज फिरवून आणतो, एक अक्षर उलट बोलत नाहीस." एकदा मी विचारलं, कुठे फिरवतोस? म्हणाला, "सगळीकडे. फक्त तळ्याकडे नेत नाही. त्या तळ्यात बुडालं की अकाउंट कायमचं पुसलं जातं. पुन्हा उघडत नाही."

त्याच खुर्चीत तो गेला. झोपेत जावं तसा, बसल्या जागी. सकाळी आईने पाहिलं तेव्हा त्याचं बोट पुढे जायच्या बटणावर तसंच टेकलेलं होतं आणि स्क्रीनवर चौघं एका दगडी भिंतीला धडकत जागच्या जागी चालत होती. भिंत सरकत नव्हती आणि चौघं थांबत नव्हती. रात्रभर तशीच चालत असणार. आईने त्याचं बोट उचललं, आणि चौघं एकदम थांबली. ते थांबणं तिला सोसलं नाही. तिने तिथे स्वतःचं बोट ठेवलं.

त्या बटणावरचं अक्षर दादाच्या बोटाने केव्हाच पुसलं गेलं होतं. मधोमध छोटा खळगा पडला होता. आईचं बोट त्यात बरोबर बसायचं.

मामा खालच्या मजल्यावर राहायचा. सायकली दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो जिन्यात भेटला आणि सवयीने थट्टेवर आला. तुझी आई आता मोठी खेळाडू झाली आहे, गल्लीतली पोरं तिला कॅप्टन म्हणतात, असं सांगून हसला. मी वर्गाचा बेत सांगितला. सुताराला बाकांचं सांगून ठेवलंय, मशीन एकदा पूर्ण बंद करून सगळं पुसून टाकायचंय, असं म्हटल्यावर त्याचं हसू विझलं. जिन्यातल्या पायरीवर तो खाली बसला.

"बंद नको करूस, बारके."

मग त्याने सांगितलं. त्याने एकदा रागाच्या भरात मशीनचं बटण दाबलं होतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात बटाटा चिरत होती. ती तशीच उभी राहिली. हातात सुरी, पाटावर अर्धा बटाटा, डोळे उघडे. हाका मारल्या, खांदे धरून हलवलं. पापणीसुद्धा लवली नाही. शेवटी घाबरून त्याने मशीन चालू केलं, चारही चौकटी उघडल्या... आणि आईने उरलेला बटाटा चिरायला घेतला.

मी त्याला समजावलं की अचानक बसलेल्या धक्क्याने माणूस असा थिजतो, याला उपचार आहेत, आणि पहिला उपचार म्हणजे ती खुर्ची सुटणं. मामाने ऐकून घेतलं. "असेल तसंही," म्हणाला. "पण ती माझी एकुलती एक बहीण आहे गं."

माझा बेत काही बदलला नाही. आईच्या चष्म्याची दांडी मोडली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी तिला मामाबरोबर चष्मेवाल्याकडे पाठवलं. दुकान गावाबाहेरच्या तलावाला लागून होतं, म्हणजे तासभर तरी निवांत. ती घरात नसताना, तिच्या नकळत बंद केलं, तर तिला थिजायला कारणच उरणार नाही, असा माझा सरळ हिशोब होता. निघताना आई दारात घुटमळली.

"त्यांना सावलीत उभं करून आलेय," म्हणाली. "तेवढं लक्ष ठेव."

मी खुर्चीत बसले. खोलीत दादाच्या केसांच्या तेलाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. पंख्याची कुरकुर सोडली तर सारं शांत. चार चौकटींत, एका झाडाखाली, चौघं उभी होती. दादाने बाबांना त्यांचा करडा कोट दिला होता. आईच्या खांद्यावर पिशवी होती. बारकीच्या पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा. तरीही मी हात आवरला नाही. आधी 'मी' बंद केलं. पुढचाच गेला की बाकीचे कुणाच्या मागे जाणार?

ती चौकट मिटली. मॅकवर चालू असलेल्या प्रत्येक गोष्टीच्या चिन्हाखाली एक बारीक ठिपका असतो. 'मी'च्या खालचा ठिपका विझला.

आणि उरलेली तिघं चालू लागली.

आधी मला वाटलं, माझाच हात कुठेतरी लागला. मी दोन्ही हात वर उचलले. ती चालतच होती. बाबा, त्यांच्यामागे आई, तिच्यामागे बारकी. मी कीबोर्डची वायर उपटून काढली. पावलांचा आवाज तसाच येत राहिला. कोरड्या गवतावरून, सावकाश. आणि बाबांच्या पुढे, नेहमी दादा चालायचा तेवढी, एका माणसाची रिकामी जागा.

बारकीच्या चौकटीत तिच्या खांद्यावरून पुढचं दिसतं. आईची पाठ, बाबांची पाठ, त्यापुढे काहीच नाही. मग गवत संपून ओली वाळू लागली. त्या वाळूत बाबांच्या पुढे एकेक पाऊल उमटत होतं. डावं. उजवं. डावं. पाय दिसत नव्हते.

वाळूपलीकडे तळं होतं.

खोलीत साचलेल्या पाण्याचा वास यायला लागला. मी मागे वळून पाहिलं. दार होतं तसंच, फरशी कोरडी. पुन्हा स्क्रीनकडे वळले तेव्हा बाबा कमरेइतक्या पाण्यात होते. मग छातीइतक्या. करडा कोट पाण्यावर क्षणभर पसरला. त्यांची चौकट काळी झाली.

फोन वाजला. मामा होता. आवाज दबलेला, धाप लागलेली.

"अगं... ही दुकानातून उठली आणि चालायला लागली. हाका मारतोय, ऐकत नाही... हात धरला तर मला ओढत नेतेय. एवढं बळ कुठून आलं हिला..."

"कुठे चाललीय?"

"तलावाकडे. बारके... तू काय केलंस?"

मी कीबोर्डची वायर परत खुपसली. 'मी' उघडायला गेले. चौकट उघडली, मधोमध एक ओळ आली: हे अकाउंट आधीच खेळात आहे. पुन्हा उघडलं. तीच ओळ. आईच्या चौकटीत बटणं दाबली, ती ऐकेना. पाणी तिच्या घोट्यांना लागलं होतं. फोनमधूनही पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता आणि मामा रडत होता.

बारकीच्या चौकटीखाली, एकमेकांशी बोलायला असते तशी, लिहायची जागा होती. खेळातल्या त्या घरात मी रात्रंदिवस दादाच्या मागे फिरले, पण एक अक्षर कधी बोलले नव्हते. मी लिहिलं:

'दादा, थांब.'

पुढचं पाऊल उमटलं नाही. आई गुडघाभर पाण्यात थांबली. तिच्यामागे बारकी थांबली.

"थांबली," मामा फोनवर म्हणाला. "थांबली गं. गुडघाभर पाण्यात..."

मामाने तिला रिक्षातून आणलं. तिचे कपडे गुडघ्यांपर्यंत चिंब होते, नवा चष्मा हातात तसाच होता. मी तिचे पाय पुसले. अंग थंडगार होतं. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते आणि ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती, जणू मीच कुठून तरी बुडता बुडता आले होते.

"तू हाक मारलीस, म्हणून तो थांबला," ती म्हणाली. "लहानपणापासून तुझंच ऐकतो."

"आई, तो कुठे नेत होता तुला?"

"नेत नव्हता गं... त्याला वाटतं आम्ही त्याच्यामागे आहोत. तो आपला चाललाय. मागे वळून बघायची सवय कधी होती त्याला?" मग म्हणाली, "बाबा पुढे गेले."

'बाबा' नावाच्या प्रतीवर मी किती वेळा क्लिक केलं. ती उघडली नाही.

त्या रात्री आई झोपली आणि मी स्क्रीनसमोर बसून राहिले. दोन चौकटी. पाण्यात उभी आई, काठावर बारकी, आणि आईच्या पुढे एका माणसाची रिकामी जागा. त्या जागी पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, कुणी उभ्या उभ्या पाय बदलावा तशी. मी थांब म्हटलं होतं आणि तो थांबला होता. पण थांबलेल्या माणसाला किती वेळ थांबवणार? पुढे काय म्हणणार? ये म्हणावं, तर कुठे ये? जा म्हणावं, तर तिच्यासकट जा?

मी एवढी पुस्तकं वाचली होती. त्या रात्री त्यांतलं एक वाक्यही माझ्या उपयोगाला आलं नाही.

सकाळी सुतार बाकं घेऊन दारात आला. मी त्याला बाकं परत न्यायला सांगितली. का, असं त्याने विचारलं. खोली मोकळी नाही, म्हटलं. मग आत येऊन मी आईची चौकट पुढे घेतली, बारकीवर क्लिक केलं आणि हुकूम दिला: 'मागे चल'. आईने पाण्यात हळूच तोंड फिरवलं. आता ती रिकाम्या जागेकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती. स्वयंपाकघरात खरी आई उठल्याचा, भांडं विसळल्याचा आवाज आला.

म्हणजे एवढंच करायचं. कुणीतरी कायम पुढे राहायचं, आणि तळ्याकडे जायचं नाही. झाडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून झाडापर्यंत. आई आहे तोवर. मी परत जाणार नाही, वर्ग काढणार नाही, ही खुर्ची सोडणार नाही. ठरलं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि दादाच्या त्या खळग्यात बोट टेकवायला गेले.

बटण आधीच खाली दाबलेलं होतं. आणि कोमट होतं.