आणखी पाच मिनिटं

मंथर उद्यानात सायकल भाड्याने घेताना घड्याळ मनगटाला कुलपासकट बांधतात. नाशिककरांना आता त्याची सवय झाली आहे. श्रीरंगला नव्हती.

"हे काढता येत नाही?" त्याने विचारलं.

"नाही, आणि विसरताही कामा नये," डॉ. तांबोळी म्हणाल्या. उद्यानाच्या मुख्य शास्त्रज्ञ त्याच. "जड ताऱ्याजवळ वेळ मंदावते ना? तेच आम्ही इथे जमिनीखालच्या कड्यांनी करतो. या मंदावलेल्या वेळेला आम्ही मंथरकाळ म्हणतो. आतला एक तास म्हणजे बाहेरची चार वर्षं."

"म्हणजे पाच मिनिटांचे चार महिने," त्याच्या बायकोने, हेमांगीने, धापा टाकत हिशेब केला. तिची फुप्फुसं घट्ट होत चालली होती. हातात जेमतेम वर्ष होतं आणि औषध यायला आठ वर्षं. म्हणून आतले दोन तास. दहाला आत, बाराला बाहेर.

त्यांची बावीस वर्षांची मुलगी ओवी फाटकाशी उभी होती. "मी तिशीची झाले की लग्न करीन. तुम्ही आल्यावरच!"

"येतोच गं," बेचाळीस वर्षांची आई म्हणाली. "डबा खाऊन, हिंडून येतो."

जोडसायकल निघाली. पुढे श्रीरंग, मागे हेमांगी. तिने पायडल मारायचं नाटक केलं, त्याने ते कळू दिलं नाही. छतातल्या दिव्यांचं कायम सकाळचं ऊन होतं. मोह, कदंब, बांबूचं बन, कमळांचं तळं! संसाराच्या धबडग्यात असं हिंडणं कधी जमलंच नव्हतं. आजार झाला तेव्हा कुठे सुट्टी मिळाली, काय म्हणावं या माणसांना!

साडेअकराला तळ्याकाठी त्यांनी थालीपीठ खाल्लं. हेमांगी त्याच्या मांडीवर डोकं टेकून पडली आणि चक्क झोपली. सात महिने ती भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढत होती. आडवं झालं की जीव घुसमटे. आज झाडांच्या हवेत तिचा श्वास शांत चालला होता.

पावणेबाराला त्याने तिला हलवलं. "ऊठ गं."

"पाच मिनिटं," ती झोपेतच पुटपुटली.

शाळेच्या दिवशी ओवी अस्संच म्हणायची. तेव्हा हेमांगी पांघरूण ओढून ओरडायची, "पाच मिनिटं-बिनिटं काही नाही!" श्रीरंगला तसं ओरडणं कधीच जमलं नव्हतं. चार महिने तर चार महिने, त्याने ठरवलं. मग आणखी चार महिने. तिच्या कपाळावरची आठी सुटत होती, ती बघता बघता त्याचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

दोघं धडपडत फाटकाकडे निघाली. श्रीरंग रडत सायकल हाणत होता. साडेतीनला दार उघडलं. समोर केस पिकू लागलेली एक बाई उभी होती.

"अहो ताई," हेमांगी घाबरून म्हणाली, "आमची मुलगी इथे थांबली होती हो..."

"आई."

हेमांगीने तिच्या हनुवटीवरचा तीळ पाहिला आणि तिला मिठी मारली.

"तुझं लग्न गं?"

"तिशीनंतरही तीन वर्षं थांबले. मग केलं. तुझा नातू चौथीत आहे."

"आम्हाला उठवायला कुणी आलं का नाही?" श्रीरंगने विचारलं.

"मीच येणार होते, बाबा. पण तळ्यापर्यंत जाऊन यायचं तर अर्धा तास. म्हणजे दोन वर्षं. पोर तेव्हा अंगावर पीत होतं." ओवीने आईकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? दर रविवारी मी भिंतीच्या काचेतून बघायचे. आई झोपलेली असायची. इतकी छान झोपलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. मलाही उठववलं नसतं."

औषध आता साध्या गोळीचं झालं होतं. ओवीने ती तळहातावर धरली.

हेमांगी लेकीचा सुरकुतलेला हात निरखत राहिली. "तू माझ्यापेक्षा मोठी झालीस गं, दोन वर्षांनी. थांब, पाच मिनिटं तुला नीट बघू तर दे."

"पाच मिनिटं-बिनिटं काही नाही!" ओवी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "आधी गोळी घे."

आईने निमूट तोंड उघडलं.