पेडलमधला ठोका

हे खरं आहे. मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण ते माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं आणि त्यातलं निम्मं मी स्वतः ऐकलं आहे.

जागा नागपूरची वाडी. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोडाऊनं आहेत, त्यांच्या मागची एक भाड्याची खोली. मागच्या वर्षीचा मे महिना.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

माझा धाकटा भाऊ विहंग गिटार वाजवायचा. पुण्याच्या एका स्टुडिओला कायमचा गिटारवादक हवा होता. त्यांनी स्वतः रचलेल्या तुकड्याचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. बाबांनी विहंगला स्पष्ट सांगितलं होतं, हे जमलं तर जा, नाही तर त्याच वाडीच्या एका गोडाऊनात कारकुनी कर. त्यांनी तिथल्या मालकाशी बोलूनही ठेवलं होतं.

म्हणजे हे एक रेकॉर्डिंग, नाहीतर जन्मभर मालाच्या पावत्या.

त्यासाठी त्याला डिस्टॉर्शन पेडल हवं होतं. गिटार आणि तिचा आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या मध्ये जमिनीवर ठेवतात ती लोखंडी डबी. पायाने दाबली की गिटारचा साधा आवाज फाटतो आणि भरून येतो. बर्डीच्या बाजारात, वाद्यांच्या दुकानात त्याने बरीच पेडलं वाजवून पाहिली. एकाचा आवाज घट्ट, पण मेलेला. दुसऱ्याला इतकी बटणं की वाजवणारा त्यातच अडकावा. शेवटी एक जुनं, पिवळं, तीन बटणांचं घेतलं. मीच म्हटलं, हेच घे. सर्किट साधं होतं, उघडून बदलता आलं असतं.

बदलावं लागणारच होतं. त्याचा आवाज कानाला टोचायचा. आत दोन डायोड असतात, ते ध्वनीच्या लाटेचा माथा कापतात. सिलिकॉनचे डायोड चाकूसारखे कापतात. जुन्या रेडिओतले जर्मेनियमचे डायोड तोच माथा हळुवार गोल करतात.

या पेडलचा आणखी एक गुण आहे. मोठ्या आवाजाला ते दाबतं, आणि अगदी बारीक आवाजाला वर उचलतं.

एरवी जो ऐकूच आला नसता, त्यालाही.

जर्मेनियमचे डायोड बाजारात चांगले मिळेनात. आमच्या घरात मात्र होते. चंपत आजोबांच्या रेडिओत.

चंपत आजोबा म्हणजे बाबांचे काका. बायको नाही, मूल नाही, म्हणून आमच्याकडेच राहायचे. जिभेचे फार वाईट. विहंगची पहिली गिटार त्यांनी अंगणात आपटून फोडली होती. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "याले कटोरा घेऊन द्या. गिटार काहून? भीक तं दोन्हीवर मागता येते."

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तहान लागली की ते डाव्या हातातला चमचा स्टीलच्या ग्लासावर आपटायचे.

ठण... ठण... ठण.

दुपारी मी आणि आई घरी नसायचो, तेव्हा त्यांना पाणी देण्याचं काम विहंगकडे होतं. एकदा मी लवकर घरी आले. आजोबा ग्लास वाजवत होते. विहंग शेजारच्या खोलीत अँप लावून त्याच ठोक्यावर गिटार वाजवत होता. पाणी दिलं नव्हतं.

मी विचारलं तर हसला. "वाजवू दे त्याले, ताई. बुढ्याचं टायमिंग मस्त हाय."

पुण्याला पाठवायचा तुकडा त्याने असा बसवला. त्या ठोक्यावर.

एप्रिलमध्ये आजोबा गेले. मी कॉलेजात होते, आई गांधीबागेत साड्या घ्यायला गेली होती. आम्ही परत आलो तेव्हा चमचा त्यांच्या हातातच होता आणि ग्लास कोरडा होता. विहंग म्हणाला, कूलर चालू होता, ऐकू आलं नाही.

कूलर चालू होता हे खरं.

अँपही गरम होता.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू दान देतात. गादी, छत्री, ग्लास, चमचा, रेडिओ. आई सगळं पुसून ठेवत होती. म्हणाली, "द्यायचं तं अख्खं द्यायचं. गेलेल्याचं काही मागं ठेवू नये." आदल्या दिवशी मी रेडिओ उघडला, काचेचे दोन डायोड काढून घेतले आणि झाकण लावून टाकलं. रेडिओ तसाही कित्येक वर्षं बंद होता.

गुरुजी तो घेऊन गेले.

मी डायोड पेडलमध्ये बसवले आणि आम्ही वाडीच्या खोलीत गेलो. ही खोली साहिलची, विहंगच्या ड्रमरची. बाहेर रस्ता इतका तापलेला की ट्रकवालेही गाडीखाली सावलीत झोपले होते. विहंगने आवाज फाडणारं गेनचं बटण थोडं फिरवलं आणि एक सूर छेडला.

आवाज सुंदर होता. जाड, उबदार, मधासारखा. साहिल म्हणाला, "बस बे, झालं तुहं काम."

विहंगने गेन आणखी वाढवला. तारांवर तळहात ठेवून सूर थांबवला. अँपची नेहमीची घरघर आली. आणि घरघरीच्या खाली...

ठण.

मला वाटलं, बाहेर कोणी ट्रकचा पाना आपटला असेल. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

ठण... ठण.

मी नेहमीच्या क्रमाने तपासत गेले. अडॅप्टर काढून बॅटरी लावली. पंखा बंद केला. पेडलमधले काही भाग धक्क्याने वाजतात, म्हणून ते स्पंजवर ठेवलं. शेवटी गिटारची केबलच उपसली. आता पेडलमध्ये काहीच जात नव्हतं. आत काही नाही तर बाहेरही काही येऊ नये.

मी थांबले.

...ठण. ठण. ठण.

साहिलने विचारलं, हा कशाचा आवाज आहे. मी विहंगकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आवाज कशाचा आहे ते त्याला पहिल्याच ठोक्याला कळलं होतं.

मी म्हटलं, डायोड काढते.

"हात नको लावू." तो हसला. "मेला तरी पाठ नाही सोडून राहिला बुढा. वाजवू दे. मी बी वाजवतो."

त्याने केबल परत लावली आणि गेन शेवटपर्यंत फिरवला.

रेकॉर्डिंग त्याच दुपारी झालं. त्याने इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. मात्र मध्ये मध्ये थांबून पाणी पीत होता. एक बाटली संपली, दुसरी संपली. मग साहिलचा माठ. "गळा सुकून राहिला, ताई," एवढंच म्हणायचा.

शेवटचा सूर विरला. त्याच्या हातातली तारा छेडायची पिक खाली पडली.

तो उचलायला वाकला.

बोटं पिकवर टेकली... पण मिटेनात.

"हे पाय, हात झोपला," तो म्हणाला आणि हसला.

फक्त अर्धं तोंड हसलं.

ते त्याचं शेवटचं बोलणं. साहिलच्या गाडीवर त्याला मध्ये बसवून आम्ही दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं. सगळे रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी मला मेंदूची चित्रं दाखवली. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांत काहीच नव्हतं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि कारण कुठेच नव्हतं.

रेकॉर्डिंग साहिलने त्याच रात्री पाठवून दिलं होतं. काही आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. मी विहंगच्या उशाशी बसून स्पीकरवर घेतला. त्यांनी त्याची निवड केली होती. त्याने ते सगळं ऐकलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

फोन ठेवताना ते गृहस्थ म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. मागे तो धातूचा ठोका कोणी वाजवलाय? एकदाही ताल चुकला नाही. त्यांनाही घेऊन या."

डायोड परत रेडिओत बसवावेत म्हणून मी गुरुजींकडे गेले. बंद रेडिओ त्यांनी भंगारात देऊन टाकला होता. मग मी डायोड पेडलमधून काढले आणि अस्थी सोडतात तसे कन्हान नदीच्या पाण्यात सोडले. हात जोडले. यावर माझा विश्वास नाही, तरी जोडले.

काही फरक पडला नाही.

विहंग आता आजोबांच्या खोलीत असतो. तिथेच हवा बरी लागते. दुपारी तो डाव्या हाताने चमचा ग्लासावर आपटतो. आई धावत जायची. ग्लास भरलेला असायचा. ओठांना लावला तर तो पीत नाही, मान फिरवतो. ग्लास खाली ठेवला की पुन्हा वाजवतो.

यंदाचा उन्हाळा सुरू झाला तशी आई धावत जायची थांबली. ती कूलर मोठा करते. बाबाही काही बोलत नाहीत. मीसुद्धा कूलरजवळच बसते.

कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आवाज असा झाकला तरी तो खोलीत असतोच, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

काल दुपारी मी हे लिहायला बसले होते. आई आतल्या खोलीत झोपली होती. अचानक लाइट गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. घर एकदम शांत झालं.

ठण... ठण...

विहंग वाजवत होता. मी उठले नाही.

मग त्याच्या दोन ठोक्यांच्या मधे... दुसरा ठोका आला.

जरा खालच्या सुरातला. जुन्या, जाड स्टीलचा.

तो ग्लास आम्ही तेरवीला दिला होता.

मी दारापर्यंत गेले. विहंग मला पाहत होता. त्याने चमचा चादरीवर ठेवून दिला होता, आणि त्याची डावी पाची बोटं मोकळी होती.

दोन्ही ग्लास वाजत होते.

लाइट आली तेव्हा मी कूलर पूर्ण मोठा केला. तेव्हापासून तो बंद केलेला नाही.