तीन-वीसचे ठोके

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही. ज्याच्या घरात हे घडलं तो शेखर आजही अकोल्यात राहतो. हे सांगताना तो अजूनही मागे वळून बघतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अंधारी रात्र लागते. ही भर दुपारची आहे.

गेल्या वर्षीचा मार्च. जठारपेठेतलं घर. वेळ... तीन वाजून वीस मिनिटं.

शेखरला रेल्वेची मॉडेलं करायचा नाद. या खेपेला त्याने वाफेवरच्या जुन्या क्रेनचा घाट घातला होता. गाडी रुळावरून घसरली की अपघातगाडीसोबत धावायची, ती क्रेन. त्याचे वडील नत्थुजी वीस वर्षं ती चालवत होते. खरी क्रेन कधीच भंगारात कापली गेली. म्हणून शेखरने जुने फोटो जमवले, बाबांकडून मापं काढून घेतली आणि हातभर लांबीची हुबेहूब पितळी क्रेन उभी केली. अमरावतीच्या प्रदर्शनात ती मांडायची होती.

शेजारी क्रेनचा इतिहास सांगणारी पाटी लावायची होती. भानगड तिथेच सुरू झाली.

त्र्याण्णव साली एका दुपारी घसरलेला डबा उचलताना ही क्रेन कलंडली होती. मोतीराम नावाचा खलाशी, म्हणजे क्रेनच्या गँगमधला मजूर, तिच्याखाली सापडला. जागीच गेला.

वजन उचलण्याआधी क्रेनचे चार पाय बाहेर काढून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे रचतात. त्या गँगची एक रीत होती. ठोकळे पक्के बसले की खलाशी त्यावर घणाचा एक ठोका मारायचा. चार पाय, चार ठोके. चौथा ऐकल्याशिवाय चालकाने वजन उचलायच्या दांड्याला हात लावायचा नाही.

चौकशीत नत्थुजींनी सांगितलं, चारही ऐकले.

म्हणजे चूक मोतीरामची. ठोकळे कच्चे असताना त्याने ठोका दिला. मेलेला माणूस काय बोलणार? कागदावर तसंच नोंदलं गेलं. शेखरनेही पाटीवर तेच लिहिलं.

मॉडेल पूर्ण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो जेवून आडवा झाला होता.

ठक.

...ठक.

...ठक.

मग काहीच नाही.

आवाज मॉडेलच्या खोलीतून आला होता. जाऊन पाहिलं. खिडकी बंद. कोणी नाही. फक्त क्रेन एका बाजूला किंचित कललेली... चौथ्या पायाखालचा ठोकळा सैल.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वेळ तीच.

शेखरने आधी बायकोला धरलं.

"मले कायले उद्योग?" प्रतीक्षा उखडली. "मी गच्चीवर धुणं वाळत घालून राहिली होती."

मग संशय बाबांवर. म्हातारपणी काठी आपटत असतील. त्याने काठी लपवली. ठोके आले. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. त्याने स्वतःच्या कानांनी तीन ठोके ऐकले, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती पंख्याची घरघर...

पाचव्या दिवशी तो बाबांसमोरच बसला.

नत्थुजी ठार बहिरे. निवृत्त होईपर्यंत वाफेने आणि शिट्टीने त्यांचे कान खाल्ले होते. घरात बोलायचं ते पाटीपेन्सिलवर. खुर्चीत ते डोळे मिटून बसले होते.

ठक.

बाबांनी डोळे उघडले.

...ठक.

त्यांचा उजवा हात पुढे आला. मूठ आवळली गेली. दांडा धरावा तशी.

...ठक.

मान वर करून ते वाट बघत राहिले. मिनिटभराने हात आपोआप खाली आला.

शेखरने पाटीवर लिहिलं : काय ऐकलं?

"मले काय ऐकू येते?" म्हणत बाबांनी तळहाताने अक्षरं पुसली. पण नजर दिली नाही.

शेखरच्या मनात पाल चुकचुकली. चार ऐकले म्हणून सांगणारा माणूस तीन ठोक्यांवर असा का गोठतो?

रविवारी दर्यापूरहून सुंदराबाई आल्या. मोतीरामची बायको. प्रदर्शनासाठी शेखरनेच त्यांच्याकडे मोतीरामचा फोटो मागितला होता. बसला उशीर झाला, पोचायला तीन वाजले. शेखरची धांदल उडाली.

"चला मावशी, स्टँडवर सोडतो."

"बसू दे ना जरा, बापू. उनाची आली मी."

तीन-वीस.

ठक... ठक... ठक.

चहा घेऊन येणारी प्रतीक्षा दारातच थबकली. सुंदराबाई मात्र दचकल्या नाहीत. कान देऊन बसल्या.

"तीनच?" त्यांनी विचारलं.

"उंदीर असतीन, मावशी."

"आमच्या घरी एकच वाजते. तीस वर्सं झाले. रोज."

शेखरने घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता?"

"तीन-एकवीसले."

म्हणजे चौथा ठोका मोतीराम देणार होता. फक्त मिनिटभराने. आणि तो देण्याआधीच बाबांनी दांडा ओढला होता.

सुंदराबाई उठल्या, नत्थुजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक मिनिट, नत्थूभाऊ. एकच मिनिट थांबाले काय झालं होतं? लोकं मले म्हनत, तुह्या मानसाची चुकी. मी ऐकून घेतलं."

बहिऱ्या माणसाला हे ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी त्यांची मान खाली गेली.

शेखरने प्रदर्शनाची पाटी मोडून टाकली. बाबांपुढे पेन्सिल ठेवली : खरं ते लिहा. मोतीरामच्या नावावरचा डाग पुसायला बाबांच्या हातच्या दोन ओळी पुरल्या असत्या. बाबांनी पेन्सिल उचललीच नाही. वर्ष होत आलं. त्या बाईसमोर जायचं शेखरला अजून तोंड नाही.

क्रेन त्याने अमरावतीच्या मित्राकडे कायमची देऊन टाकली. मित्राकडे काहीच वाजत नाही.

वाजतं ते अजून इथेच. आता आवाज बाबांच्या खुर्चीखालून येतो... एकेका पायाशी एकेक. तीन.

चौथा पाय महिनाभरापासून हलायला लागलाय. शेखरने दोनदा स्क्रू आवळला.

खुर्ची बदलू म्हटलं, तर बाबा उठायला तयार नाहीत.