पुठ्ठ्याचा तांबडा किल्ला

गणपती जाऊन आठवडा झाला होता, तरी पाऊस हलायचं नाव घेत नव्हता. राम आळीच्या टोकाला भिकाजी बाइंडरांचं दुकान होतं. दुपारी ते जेवायला घरी गेले, की तास-दीड तास त्यांची मुलगी राही एकटीच दुकान सांभाळायची. कचेऱ्यांची रजिस्टरं बांधणं, मिठाईची खोकी करणं, श्रावणात कागदाची मखरं… बाविसाव्या वर्षीच ही सगळी कामं तिच्या हातात बसली होती. त्या दुपारी ती एका रजिस्टरच्या पाठीला कापड चिकटवत होती, आणि एक तरुण छातीशी खोकं धरून पायरी चढला. तो भिजलेला होता, पण त्याला काळजी खोक्याची दिसत होती.

"ओल्या कागदाला काही उपाय असतो का हो?" त्यानं विचारलं.

राहीनं खोकं उघडलं. आत इंग्रजी पुस्तकं होती, चौकटी आखलेले नकाशे होते, अंगठ्याएवढी शिशाची माणसं होती – कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या हातात काठी – आणि वीस बाजूंचे फासे. तिनं काही न विचारता पानांमध्ये टीपकागद घातले, नकाशे दोरीवर वाळत टाकले. तो बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी तोच ओशाळून म्हणाला, "लहान मुलांचं नाही हे. माझंच आहे."

त्याचं नाव महिपत. जवळच्या मिऱ्या गावचा. परदेशी तेलवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता आणि रजेवर घरी आला होता. जहाजावरच्या रेडिओ ऑफिसरनं नोकरी सोडताना हा खेळ त्याला देऊन टाकला होता. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि पुढे काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. मग फासा टाकायचा; आकडा मोठा पडला तर ते साधतं, लहान पडला तर फसतं. चार महिने पाण्याशिवाय काही दिसत नाही तेव्हा या खेळानंच डोकं ठिकाणावर राहतं, असं तो म्हणाला. फक्त त्या शिशाच्या माणसांना उभं राहायला जागा नव्हती. टेबलावर चहाचे मग मांडून ते त्यांना डोंगर म्हणत.

दोरीवरचे नकाशे वाळेपर्यंत त्याची नजर भिंतीशी टेकवलेल्या एका मखरावर गेली होती. घडी घालून सपाट केलेलं, पाटाएवढं.

"असा किल्ला होईल का?" त्यानं विचारलं. "उघडला की उभा, मिटला की ट्रंकेच्या तळाशी?"

होईल, असं राही म्हणाली खरी. पण तो गेल्यावर ती त्या मखराच्या घड्या उघडत-मिटत बसली. तिनं आयुष्यात किल्ला केला नव्हता, आणि कंपनीची तार कधीही येईल म्हणून काम तीन आठवड्यांत हवं होतं.

काम हातात घेतलं की ते बिघडेल या धास्तीनं राहीची झोप उडायची. हा तर बोटीवर जाणारा किल्ला. तिनं आधी जुन्या वहीच्या कागदाचा छोटा करून पाहिला, मग जाड पुठ्ठा घेतला. भिंतींच्या सांध्यांना पुस्तकाच्या पाठीला लावतात तसं कापड लावलं, म्हणजे कितीही वेळा मिटलं तरी तुटणार नाही. खळीत मोरचूद जास्त घातलं, बोटीवर झुरळं असतात म्हणून. दमट हवेत खळ सुकेना. भिंती वाकायला लागल्या, तेव्हा ती त्या घरी नेऊन चुलीच्या उबेला दगडाखाली ठेवायची आणि पुन्हा पुन्हा उठून बघायची.

महिपत एक दिवसाआड यायचा, बहुतेक दुपारीच. भिकाजींना त्यात काही वाटलं नाही. गिऱ्हाईक काम बघायला येणारच. त्यानं तिला गुहा हवी म्हणून सांगितलं, झुलता पूल सांगितला. गवतासाठी राहीनं लाकडाचा भुसा हिरव्या रंगात घोळवला, मातीसाठी चहाचा चोथा वाळवला. भिंती मात्र तिनं गेरू कालवून रंगवल्या आणि त्यांवर एकेक चिरा आखला.

"पुस्तकात किल्ले करडे असतात," तो म्हणाला.

"मी तांबडाच दगड पाहिलाय."

तो हसला. "राहू दे. बोटीवर विचारतील, हे कुठलं राज्य. सांगेन मी…"

"काय सांगाल?"

"ते बोटीवरच्या लोकांना सांगेन."

तिसरा बुरूज गोल होता आणि तो काही केल्या जुळेना. दोन्ही कडा एकत्र दाबून धरायला चार हात लागत होते. राहीनं त्याला शंभर आकडे मोजेपर्यंत हात न हलवण्याची ताकीद दिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पुठ्ठ्याच्या अलीकडे तिची बोटं, पलीकडे त्याची, आणि वरच्या कडेला ती एकमेकांना लागलेली. दोघांनीही काढली नाहीत.

"झाले शंभर?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"नाही… मधेच चुकलो. पुन्हा पहिल्यापासून मोजतो."

राहीनं मान खाली घातली, पण हात तसेच ठेवले.

किल्ला उभा राहिला त्या दुपारी त्यानं तिला खेळायला बसवलं. रजिस्टरं बाजूला सारून मेजावर पूल मांडला, हातात कंदील असलेली शिशाची बाई तिला दिली. पूल हलतोय, खाली तळ दिसत नाही, तुझी माणसं पलीकडे आहेत, असं तो सांगत गेला आणि थांबला. राहीला कळेना, आता काय.

"तू काय करशील ते सांग," तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

राहीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळा अकरावीला सुटली तेव्हा नाही, आणि आत्ता राजापूरच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं तेव्हाही नाही. "जाईन पलीकडे," ती म्हणाली आणि फासा टाकला. वीसपैकी तीनच पडले. ती बाई पुलावरून कोसळली होती.

"पुन्हा टाक."

"चालतं?"

"बोटीवर नाही चालत," महिपत म्हणाला. "इथे चालतं."

दुसऱ्या दिवशी तार आली. दोन दिवसांत मुंबईला हजर व्हायचं होतं. किल्ला न्यायला तो आला तेव्हा भिकाजी पोस्टात गेले होते. राही घड्या घालून दाखवत होती. शेवटची घडी घालता घालता ती म्हणून गेली की राजापूरचे लोक बघून गेलेत, मुलगा काजूच्या कारखान्यात मुकादम आहे, मार्गशीर्षात उत्तर द्यायचंय.

महिपतनं मिटलेल्या किल्ल्यावर दोरी बांधली. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, की त्यांचं जहाज आखातात जातं, तिथे लढाई चालू आहे आणि तेलाची जहाजंसुद्धा सोडत नाहीत. आईला हे माहीत नाही. "अशा माणसानं कुणाला थांब म्हणू नये," तो म्हणाला. त्यानं किल्ला काखेत घेतला. पायरी उतरताना वळून पाहिलं, आणि गेला.

नोव्हेंबरात एक पत्र आलं, तेही भिकाजींच्या नावानं. त्यांनी ते मोठ्या अभिमानानं दुकानात वाचून दाखवलं. आपण केलेला किल्ला उत्तम चालला आहे, बोटीवर सगळ्यांना तांबड्या दगडाचं नवल वाटतं, असं लिहिलं होतं. शेवटी होतं, 'तिसरा बुरूज जरा सैल आहे. तो धरणाऱ्याचं मोजण्यात लक्ष नव्हतं.' याचा अर्थ भिकाजींना कळेना. राही आत जाऊन खळ ढवळत उभी राहिली, खळ थंड असूनही.

त्यानंतर पत्र नाही. राजापूरचं स्थळ चांगलंय, असं भिकाजी दर दोन दिवसांनी म्हणत. उद्या सांगते, परवा सांगते, असं करत राही दिवस ढकलत होती. आणि एका संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्यांत तिनं ऐकलं – आखातात दोन दिवसांपूर्वी एका तेलवाहू जहाजावर हल्ला झाला, आग लागली, खलाशांत काही भारतीय होते. जहाजाचं नाव सांगितलं नाही. निवेदक पुढे पिकांच्या बातम्यांकडे वळला.

रात्रभर तिनं स्वतःला समजावलं, की जहाजं शेकडो असतात. सकाळी तिनं ऑर्डरच्या वहीत त्याचा पत्ता पाहिला, बाबांना पुठ्ठा बघून येते असं खोटं सांगितलं आणि मिऱ्याची बस धरली. जाऊन म्हणायचं काय? विचारायला आपण त्याच्या कोण?

घर समुद्राकडे तोंड करून होतं. त्याची आई, मथुरा, पडवीत नुसती बसली होती. सूप मांडीवर, पण तांदूळ निवडत नव्हती.

"कुणाची गो तू?" तिनं विचारलं.

राहीनं सांगितलं, भिकाजी बाइंडरांची मुलगी. महिपतनी दुकानात काम दिलं होतं, त्याचं जरा विचारायचं होतं. ते तिच्या स्वतःच्याच कानाला खोटं वाटलं. पण मथुरेचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुला इंग्रजी वाचता येतं?"

रजिस्टरांवर सोनेरी अक्षरं घालता येण्याइतकं आणि थोडं जास्त येतं, असं राही म्हणाली. मथुरा आत गेली आणि तांदळाच्या डब्याखालून एक पाकीट घेऊन आली. तार होती. काल दुपारी आलेली, न फोडलेली. महिपतचा बाप समुद्रावर वारला तेव्हाही अशीच तार आली होती, तिनं सांगितलं. तेव्हा शेजाऱ्यानं ती सगळ्या वाडीदेखत वाचली होती. या खेपेला कुणाला बोलवायचा तिला धीर झाला नव्हता.

"तू परकी आहेस, ते बरं आहे," ती म्हणाली. "वाच."

राहीनं पाकीट फोडलं. कागद तिनं गुडघ्यावर सपाट केला.

"जहाजाला आग लागली…" तिनं वाचलं. मथुरेनं खांब धरला. "मी सुखरूप. दुबईत आहे. पंधरा दिवसांत घरी येतो."

मथुरा खांबाला टेकून खाली बसली. पदर तिनं तोंडाला लावला. मग तिला दिसलं, की समोरची मुलगी अजून कागदाकडेच बघतेय आणि तिचे ओठ हलत नाहीत.

"अजून आहे? लपवू नको गो बाय. हाताला काही झालंय? पायाला?"

"नाही. तसं काही नाही."

"मग वाच."

"लिहिलंय…" राहीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "लिहिलंय, राहीला सांग, थांब."

बाहेर लाट आपटली आणि मागे गेली. मथुरेनं डोळे पुसले. "ही राही कोण?"

राहीनं तारेची घडी घातली, पुन्हा उलगडली. खोटं सांगायला आता काही उरलंच नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

मथुरेनं तिला नीट पाहिलं. बोटांवरची वाळलेली खळ, पायातली चिखलानं भरलेली चप्पल, रात्रभर न मिटलेले डोळे.

"थांबशील?"

"हो."

"तुझ्या बापाला ठाऊक आहे?"

"नाही. आता त्यांनीच राजापूरला होकार कळवायचं ठरवलंय… उद्या."

मथुरा उठली आणि सूप उचलून आत गेली. चुलीवर आधण ठेवताना आतूनच म्हणाली, "आधी दोन घोट चहा घे, रंग बघ तुझा. मग बाराची बस आहे. मी येते तुझ्याबरोबर."