मशीनने कुणाचं खोटं पकडलं?

ही गोष्ट मी मीठमसाला लावून सांगत नाहीये. लावला आणि मावशीच्या कानावर गेलं, तर ती मला दारात उभं करणार नाही. घडलं ते तिच्या डोळ्यांसमोर. ती सांगते तसंच सांगतो.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती.

मावशी एका तपासणी केंद्रात एमआरआय मशीन चालवते. माणसांना त्या बोगद्यात सरकवायचं आणि काचेपलीकडे बसून त्यांच्या डोक्याचे फोटो काढायचे, हे तिचं रोजचं काम. तिला भित्री म्हणणाऱ्याने आधी तिच्याशी भांडून दाखवावं.

तर तिथल्या डॉक्टरांनी एक नवीनच खूळ काढलं होतं. खोटं पकडायचं. माणसाला आत झोपवायचं, इयरफोनमधून प्रश्न विचारायचे आणि त्याने हातातल्या बटणांनी उत्तरं द्यायची. उजवं बटण म्हणजे हो, डावं म्हणजे नाही. खोटं बोलताना म्हणे मेंदूला जास्त राबावं लागतं आणि ते फोटोत दिसतं.

मावशीचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण नोकरी म्हटली की मान डोलवावी लागते.

त्या दुपारी एक सून आली.

सोबत नवरा आणि नणंद. आले एकत्र, पण बसले मात्र मध्ये रिकाम्या खुर्च्या सोडून.

प्रकरण असं होतं. सासू जिन्यावरून पडून गेली. डोक्याची मागची बाजू फुटली. घरात तेव्हा फक्त सून. झालं, सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. पोलिसांना काही सापडलं नाही. तरी नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं आणि त्यांची छोटी मुलगी स्वतःकडे ठेवून घेतली. आता त्याचं म्हणणं एकच. मशीनने तुला खरं ठरवलं तर पोर तुझी. नाहीतर तिला विसर.

पोरीसाठी ती कुठेही झोपायला तयार होती.

"मशीनलाही गुंडाळेल ही," नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या आईला गुंडाळता येईना, म्हणून तर..."

"बाई, इथे पेशंट बसलेत," मावशी म्हणाली. "भांडण घरी न्या."

आत सुनेचं डोकं पट्ट्याने नीट बसवताना मावशीने विचारलं, "भीती वाटतेय का गं?"

"कशाला वाटेल, ताई? मी हातसुद्धा लावला नव्हता. त्यांचाच पाय सटकला. मी धावत खाली गेले, तर मला म्हणाल्या..."

ती थांबली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता बघच तू."

मावशी बाहेर आली. दार लावलं. त्या खोलीत आता फक्त सून होती.

आधी डोक्याचा साधा फोटो. तरुण, निरोगी मेंदू. मग सोपे प्रश्न. तेही ठीक. दोन फेऱ्यांच्या मध्ये मशीन थोडा वेळ गप्प होतं, तसं झालं.

आणि त्या शांततेत स्पीकरमधून...

कुणीतरी खाकरलं.

जाड, म्हातारं, घशात कफ असल्यासारखं.

"ताई..." सुनेचा आवाज. "आत कुणी आलंय का?"

"कुणी नाही. हलू नकोस."

काचेतून तिचे पाय तेवढे दिसत होते. पायांची बोटं आखडली होती.

"ताई, मला बाहेर काढा."

मावशी उठलीच होती. डॉक्टरांनी माइक ओढून घेतला. "एकच प्रश्न राहिलाय. मध्येच उठलात, तर तुमचे मिस्टर काय समजतील त्याचा विचार करा."

ती पडून राहिली.

मशीन पुन्हा धडधडायला लागलं.

"सासूबाईंना तुम्ही ढकललं का?"

डावं बटण. नाही.

आणि मावशीच्या स्क्रीनवर नवे फोटो उमटले...

ते डोकं सुनेचं नव्हतं.

मावशीने आजवर हजारो डोकी पाहिलीत. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, कवटीत जागा रिकामी राहते. हा मेंदू तसा होता. एखाद्या म्हातारीचा.

आणि मागच्या बाजूला रक्त साकळलेलं होतं.

"डॉक्टर, हे बघा."

ते वाकले. बघितलं त्यांनीही. मग वैतागले. "मागच्या कुठल्या तरी पेशंटची फाइल उघडलीत तुम्ही. काढून टाका ती."

"वर नाव हिचंच आहे."

"बाई, जेवण अंगावर आलंय तुमच्या. काढून टाका म्हटलं ना."

इतकी वर्षं त्यांचं ऐकायची सवय. मावशीच्या बोटाने ते फोटो पुसून टाकले. मग तिच्या अंगावर काटा आला.

कारण डॉक्टरांच्या कॉम्प्युटरने तोवर त्याच फोटोंवरून निकाल लावला होता.

खोटं.

डॉक्टरांनी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं. मावशी मागोमाग धावली. "अहो, ऐका. आत खोटं बोललं ते हिचं डोकं नव्हतं."

"मग कुणाचं?" नवरा म्हणाला. "दाखवा फोटो."

मावशीकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.

"घ्या, हिलाही फितवलं," नणंद म्हणाली. दोघं निघून गेले. सुनेकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

सून आतल्या बाकावर बसून होती. रडत नव्हती.

"ताई, बाहेर तुम्ही बोललात ते ऐकलं मी. तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं गं. चुकलं माझं. मी ते पुसायला नको होतं."

"तुमच्यामुळे नाही झालं हे." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "काल पोरीशी फोनवर बोलले. तिला आता आजीच्या खोलीत झोपवतात. मला म्हणाली, आई, आजी रोज माझ्याशी बोलते. ती म्हणते, उद्या तू हरणार. मला वाटलं, आत्यानेच शिकवलं असेल."

मावशी तिच्याशेजारी बाकावर बसली.

"ताई," ती म्हणाली, "माझी पोर आजही तिथेच झोपणार."

मावशी ही गोष्ट इथेच थांबवते. त्या पोरीचं पुढे काय झालं, असं मी दोनदा विचारून बघितलं. दोन्ही वेळा ती उठून आत गेली.