तिसऱ्या वळणावरचा अंधार

"नाही म्हणजे नाही! मी त्या बोटीत पुन्हा बसणार नाही!" बटण धक्क्यावर फतकल मारून बसला. बटण सात वर्षांचा, अंगाने एवढासा, आणि हट्ट मात्र डोंगराएवढा!

"अरे, पण घाबरण्यासारखं आहे काय आत?" शिडी कळवळून म्हणाली. "किती सुंदर गाव आहे! प्रत्येक खिडकीत दिवा, पुलावर मासे पकडत बसलेलं अस्वल..."

"कुठलं गाव? तिथे काळं आहे. नुसतं काळं! आणि मी एकटाच होतो."

"एकटा कसा? मी तुझ्या शेजारी होते ना!"

"नव्हतीस!" असं म्हणून त्याने भोकाडच पसरलं.

बटणची ताई अकरा वर्षांची. तोंडाला म्हणून विश्रांती नाही, त्यामुळे सगळे तिला पोपट म्हणत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिडी, परवा राइड कशी वाटते ते बघायला एका शाळेची मुलं आणली होती ना, तीसुद्धा तिथेच रडली. तिसऱ्या वळणावर. एकजात सगळी! काहीतरी भानगड आहे!"

शिडी बारा वर्षांची होती, पण उंची एखाद्या मोठ्या बाईएवढी. ती सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्या थीम पार्कमधल्या राइड बनवायची; बोटीतून बघायचं हे गावही तिनेच बांधलं होतं. ऐकायला किती छान, नाही? शिडीलाही तसंच वाटलं होतं. पण पार्क अजून उघडलंच नव्हतं. रिकामे पाळणे गोल गोल फिरायचे, कर्णे, कोणासाठी कोण जाणे, गाणी वाजवायचे आणि एवढ्या मोठ्या आवारात ती एकटी भटकायची. आत्या "पाच मिनिटं हं!" म्हणून कामाच्या खोलीत शिरली की संध्याकाळीच बाहेर यायची. "तू काय, आता मोठीच झालीस," म्हणून सगळे तिला एकटीलाच सोडून द्यायचे. शाळेतही हेच! रांगेत शेवटची, फोटोत शेवटची, खेळात तर कुणी घ्यायचंच नाही. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या मावशींची ही दोन मुलं भेटली नसती, तर ती केव्हाच सामान बांधून घरी गेली असती.

तरीही एक गोष्ट तिने मनाशी पक्की केली होती. मोठेपणी आत्यासारखंच व्हायचं. पुठ्ठ्याची घरं, बोटभर उंचीची माणसं, आधी सगळं टेबलावर आणि मग खरंखुरं!

आणि आता ते सगळंच बुडणार होतं. उद्या पार्कच्या मालकीणबाई येणार होत्या. मुलं रडतात अशी राइड त्यांना नको होती. गाव मोडून तिथे खाऊची दुकानं काढायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. काल जेवताना आत्या ताटाकडे बघत म्हणाली होती, "मला बहुतेक मुलांसाठी काही करताच येत नाही गं. बरी होते मी दुकानांच्या काचा सजवत." शिडीच्या मनात आलं, आत्यालाच जमत नसेल, तर आपल्याला काय डोंबल जमणार?

"चला," ती एकदम म्हणाली. "पोपट, तू बस माझ्याबरोबर. आणि आत काय काय दिसतं, ते बोलत राहा."

"बोलत राहा? हे मला सांगायला हवं?" पोपट टुणकन बोटीत चढली.

बोट बोगद्यात शिरली. पहिलं वळण. दुसरं वळण. "वर चांदण्या दिसताहेत! अय्या, ढग! आता..." आणि चमत्कार झाला. पोपट गप्प बसली!

"काय झालं?" शिडीने विचारलं. समोर अख्खं गाव लखलखत होतं.

"छपरांची टोकं दिसताहेत थोडीशी," पोपटचा आवाज बारीक झाला होता. "बाकी अंधार. शिडी, कुणीतरी हसतंय बघ. पण कोण ते दिसतच नाही."

शिडी बाकावरून घसरली आणि थेट बोटीच्या तळाशी जाऊन बसली.

गाव गेलं! डोळ्यांपुढे काळी फळी. शेजारची पोपटसुद्धा दिसेना. फळीपलीकडे कुठेतरी लोक हसत होते, गाणी म्हणत होते आणि आपल्याला कुणी बोलावलंच नव्हतं.  हे शिडीला चांगलंच ओळखीचं होतं. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभं राहिलं की अगदी अस्संच वाटायचं! तिने काठावर हात फिरवला. वरची फळी नवी होती, रंगही वेगळा होता.

बाहेर येताच दोघी बोटींचं काम बघणाऱ्या इंजिनियरकाकांकडे धावत गेल्या.

"हो, चढवली फळी," काका चहा फुंकत म्हणाले. "पाणी उडून कपडे भिजत होते. एवढीशी फळी! तिने काय आभाळ कोसळतंय?"

"आत्याला सांगितलंत?"

"तिला कशाला? दिवे आणि बाहुल्या तिच्याकडे, बोटी माझ्याकडे."

"आणि बोटीत बसून कुणी पाहिलं?"

"आम्हीच! मी, तुझी आत्या, सगळ्यांनी!"

"पण काका, लहान मुलांना काठावरून..."

"मुलं रडतातच! तू मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस. लहान आहेस अजून."

घ्या! जन्मभर जी 'मोठी' होती, ती आज नेमकी लहान झाली! शिडी आत्याकडे गेली. आत्या टेबलावरची बोटभर माणसं एकेक उचलून खोक्यात भरत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "आत्ता नको गं बाळा." शिडी दारातच थांबली. तिला रडू येत होतं, पण पोपटने तिचा दंड धरून ओढलं. "सांगून कुणी ऐकत नाही ना? मग दाखवू या की! तुझ्याकडे डोकं आहे आणि माझ्याकडे रंगाचा डबा!"

सकाळी मालकीणबाई तरातरा आल्या. त्यांच्यामागे इंजिनियरकाका आणि सगळ्यात मागे, मान खाली घातलेली आत्या. बोटीवर पाटी लटकत होती : 'रंग ओला आहे. खाली बसावे.' खोटं लिहायचं नाही, म्हणून पोपटने पहाटे उठून बाक खरोखरच रंगवले होते!

"आजच बरा मुहूर्त सापडला!" मालकीणबाई कुरकुरल्या. पण त्यांची साडी नवी होती. त्या मुकाट्याने तळाच्या सतरंजीवर बसल्या. मग काकांनाही बसावं लागलं. पोपट पुढे बसली आणि शिडी आत्याला चिकटून.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं.

"अहो, लाइट गेले का?" अंधारातून मालकीणबाईंचा आवाज आला.

"नाही मॅडम, चालू आहेत... म्हणजे असायला हवेत!"

"मग दिसत का नाही काही? कोण हसतंय? अहो, तुम्ही आहात ना इथे?"

 आत्याच्या थंडगार हाताने शिडीचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"बाई," शिडी म्हणाली, "आता गुडघ्यांवर बसून बघा."

मालकीणबाईंचं डोकं काठाच्या वर आलं. "अगंबाई!" त्या ओरडल्याच. "हे सगळं इथेच होतं?"

"हो. पण मुलांची डोकी इथवर पोचतच नाहीत. बोटीत आठ मुलं असली, तरी प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत."

इंजिनियरकाकांचा चेहरा उतरला. "फळी मी चढवली," ते पुटपुटले. "आजच काढतो." आणि घाम पुसत ते टेकले. कुठे? बाकावर! उठले तेव्हा पाठीमागून हिरवेगार झाले होते. पोपट हसून हसून लोळायची बाकी राहिली.

आत्या मात्र हसली नाही. "फळी तुमची, पण चूक माझीही आहे," ती म्हणाली. "मी मुलांसाठी गाव बांधलं आणि एकदाही त्यांच्याएवढी होऊन बघितलं नाही."

"गाव मोडायचं नाही!" मालकीणबाईंनी जाहीर केलं. "आणि पोरींनो, शाबास! आम्हा मोठ्यांना जमिनीवर बसवलंत की गं! यापुढे आधी मुलं बसतील आणि मग आम्ही."

फळ्या निघाल्या. त्या शाळेची मुलं पुन्हा आली. पोपट सगळ्यांत पुढे आणि तिने ओढत आणलेला बटण तिच्या शेजारी. शिडीही निघाली, पण आत्याने हलकेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला नाही बसता येणार गं. लहान मुलांना काय दिसतं, ते तुझ्या उंचीवरून कळणार नाही."

बोट आत गेली. बाहेर दोघीच उरल्या, बोगद्याच्या भिंतीपाशी.

"हे काम असंच आहे," आत्या म्हणाली. "वर्षभर राबायचं आणि शेवटी मुलं आत जातात. आपण बाहेर उभं राहून ऐकायचं. कधी कधी फार एकटं वाटतं."

 शिडीने भिंतीला कान लावला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग क्षणभर सगळं शांत. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

आणि आतून एकदम आवाज उठला, "आहाऽऽऽ!" त्या सगळ्या आवाजांच्या वर एक बारीक आवाज किंचाळत होता. शिडी बोटीत नाही, हे बटण साफ विसरला होता!

"शिडी! ए शिडी! बघ ना! बघतेयस ना?"

समोर नुसती भिंत होती. शिडीने बाहीने डोळे पुसले आणि भिंतीला तोंड लावून जोरात ओरडली, "हो रे बटण! बघतेय!"